लुगड्याचं लपण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते लपणाला लुगडं शिवायचं. दुपार कलली होती. ओढ्याच्या काठाला, करंजाच्या सावलीत, मी कापड ताणून धरलं होतं आणि बायको दाभणात सुतळी ओवून टाके घालत होती. गोण्या शिवायचं दाभण, आष्टीच्या बाजारात घेतलेलं. टाका बोटभर लांब पडायचा. मी म्हटलं, "जरा बारीक घाल की."

"हे काय तुमच्या लग्नातलं धोतर हाय का?" ती म्हणाली. "रानात बसायचं हाय त्याच्यात. नीट धरा. हात कामून हलून राह्यलाय तुमचा?"

हात हलत होता कारण मी भ्यालो होतो. दिवसाउजेडी, बायको शेजारी असताना भ्यालो होतो. त्याचं कारण आधी सांगतो.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, गावापासून लांब आहे. पत्र्याचं घर, पुढं चूल, बाजूला शेळ्यांचा गोठा. घराच्या खालच्या अंगाला कापूस, कापसाच्या पुढं ओढा. बायकोची एक काळी शेळी होती, एका कानाला पांढरी. ती व्याली होती. एका संध्याकाळी शेळी ओढ्यावरून एकटीच पळत आली. पिल्लू नाही. शेळी अशी ओरडत होती की मला दारातून पाय बाहेर टाकवेना. सकाळी आम्ही जाऊन बघितलं, तर चिखलात पंजा. मी त्याच्यावर माझा हात ठेवून बघितला. बराच भरला.

गावात लगेच बोभाटा झाला, बिबट्या आला म्हणून. कुणी मोबाइलवर बिबट्याचा व्हिडिओ दाखवला. तो दुसऱ्याच कुठल्या गावचा होता, उसातला, पण बघितल्यावर आपल्याच रानातला वाटायला लागला. कुणी म्हणालं तरस असंल. कुणी म्हणालं गावातली मोकाट कुत्री हायेत, ती आता पिल्लं उचलायला लागली. पोरगा जालन्याला असतो, त्याचा फोन आला.

"आप्पा, मायला घ्या अन् जल्दी इकडं निघून या. बिलकुल थांबू नका तिथं."

बायकोनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "आरं, आधी बघू तर दे कोण हाय ते! कुत्र्याला भिऊन घर सोडलं म्हनून लोक त्वांडात शेन घालतील. वाघ असला तर येतो तुझ्याकडं. कुत्रं असलं तर हितंच ऱ्हातो."

असं ठरलं. तोंडानं ती असं बोलली, पण दिवस बुडाला की तीच दाराला कडी लावायची आणि आतून पाटा लोटून ठेवायची. मी तर बॅटरीशिवाय लघवीलाही उठत नव्हतो. कोण आहे ते बघितल्याशिवाय आमची सुटका नव्हती. म्हणून मी लपण करायला घेतलं.

लपण म्हणजे माणसानं आत बसायचं आणि जनावराला दिसायचं नाही, एवढंच. माझ्या बापाकडं तित्तर धरायचं लपण होतं, पाठीवर टाकून रानोमाळ न्यायचा. तेव्हा कुणी हटकत नव्हतं. आता शिकारीला बंदी आहे आणि ते बराबर आहे. मला काही मारायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. बापाचं लपण करताना मी लहानपणी बघितलेलं, ते हाताला ठाऊक होतं.

बापाचं लपण बांबूच्या कामट्यांचं होतं. मला हलकं पाहिजे होतं, कारण आता खांदा दुखतो. सुबाभळीच्या बारीक फांद्या सोलून उभ्या केल्या. ठिबकच्या जुन्या नळ्या गोठ्यावर पडून होत्या, उंदरांनी कुरतडलेल्या. त्यांची वळी करून, एक वरच्या अंगाला आणि एक मधोमध, फांद्यांना सुतळीनं बांधली. नळी वाकते, मोडत नाही, आणि वजन काहीच नाही. वरून खताच्या रिकाम्या गोण्या उसवून लावल्या. गोणीची छपाई चमकू नये आणि माणसाचा वास जावा म्हणून शेण आणि चिखल कालवून बाहेरून लिंपलं. पुढं डोळ्याच्या उंचीला एक आडवी फट ठेवली. विकत काहीच आणलं नाही, दाभण सोडून.

बायकोनं एका हातानं उचलून बघितलं. म्हणाली, "तुमच्यापेक्षा हलकं झालंय. अन् तुमच्यापेक्षा देखनं."

नवं लपण ठेवलं आणि लगेच आत बसलं तर काहीच येत नाही. ते नुसतं ठेवून द्यायचं. पाखरं आधी लांबून बघतात. मग जवळच्या झाडावर बसतात. मग लपणावरच बसून घाण करतात. तेवढं झालं की समजायचं, लपण रानाचं झालं. आमच्या लपणावर पहिल्यांदा कावळा बसला तेव्हा ती चुलीपासून ओरडली, "झालं हो पास! शिक्का मारला त्यानं!"

आणखी एक गोष्ट बापानं शिकवलेली. लपणात एकट्यानं जायचं नाही. जनावर लांबून बघत असतं. माणूस आत गेलेला दिसला आणि बाहेर आला नाही, तर ते सांजेपर्यंत फिरकत नाही. म्हणून दोघांनी जायचं आणि एकानं परत यायचं. जनावराला वाटतं, माणूस आला होता, गेला. आमच्यात परत जायचं काम तिचं. ती मला आत बसवायची आणि बादली वाजवत, मोठ्यानं बोलत घराकडं निघायची. मी सोबत आहे असं समजून भांडत जायची. "चला की ओ, किती येळ! पाय काय जमिनीत रवलेत का? सगळं मीच करायचं का?" मी आत बसून हसू दाबायचो. मग तिचा आवाज लांब जायचा आणि माझं हसू जायचं. मग नुसता ओढा आणि मी.

असे काही दिवस मी दिवस बुडेपर्यंत बसलो. मोर आले, मुंगूस आलं, एकदा रोही, म्हणजे नीलगाय, येऊन पाणी पिऊन गेला. ज्याच्यासाठी बसलो ते आलं नाही. मला मागून भीती वाटायची. पुढं फट आहे, मागं गोणीच्या पलीकडं काय आहे ते दिसत नाही. वारा आला की मागची गोणी करकर वाजायची आणि माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहायचा. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "गोणीच वाजती, मंग जनावर कसं यील? काढा ती. माझं जुनं लुगडं लावू. कापड वाजत न्हाई."

म्हणून त्या दुपारी आम्ही ओढ्यावर होतो. लुगडं तिचं रोजचं, तपकिरी, धुऊन धुऊन मातीच्या रंगाला आलेलं. ती तेच नेसून शेळी पिळायची, तेच नेसून चुलीपुढं बसायची. शिवून झालं आणि मी कापड सोडलं. बघतो तर तिनं कात्री घेऊन मागच्या बाजूला मधोमध गोल कापायला सुरुवात केली.

"हे काय करून राह्यलीस?"

"खिडकी."

"मागं खिडकी? येडी झाली का? मागून उजेड आला तर पुढच्या फटीतून आतलं सगळं दिसंल. मी नुसतं नाक खाजवलं तरी जनावर पळंल."

"पळू द्या." तिनं कापणं काही थांबवलं नाही. "मला चुलीपासून दिसलं पायजे तुमी हायेत का न्हाई ते. तुमी आत असले की खिडकी काळी दिसंल. उजेड दिसला की मी कोयता घेऊन येते."

"मंग रुपयाएवढी कर की."

"रुपयाएवढं मला दिसतं का आता?"

तिनं भाकरीएवढी केली. मी चिडलो. एवढं सगळं झाकायचं आणि मागं भाकरीएवढं उघडं ठेवायचं, कुणी ऐकलं तर हसेल. शेवटी ती म्हणाली, "बरं, उद्या त्याला झाकण शिवून देते. तुमाला वाटलं तर झाका, मला बघायचं असलं तर उघडीन. आता शेळी पिळायची येळ झाली." दाभण लुगड्यालाच टोचून ठेवलं आणि आम्ही वर आलो.

वर येताना ती दोनदा थांबली. छातीत भरून आलंय म्हणाली. मी म्हटलं, दुपारभर वाकून बसली म्हणून. बाजेवर आडवी झाली. मी शेजारच्या आखाड्यावर गाडीसाठी ओरडलो. गाडी आली, पण दिवस बुडायच्या आत ती गेली होती. शेळीला पिळायचंही राहिलं होतं.

पोरगा आला, पोरगी आली, तिची धाकटी बहीण आली. हिरवं लुगडं, हळदी-कुंकू, सवाष्णीचं सगळं केलं. लोक म्हणाले, नशिबाची बाई, कपाळ भरून गेली. मी ऐकलं.

ती गेल्यावर माझी बिबट्याची भीती गेली असं कुणाला वाटेल. गेली नाही. उलट त्या भीतीला आणखी एक भीती येऊन मिळाली. ओढ्यावर ते लपण तसंच उभं होतं. चुलीपासून त्याची मागची बाजू दिसायची. वारा आला की लुगडं फुगायचं, आणि कुणी बाई आमच्याकडं पाठ करून बसली आहे असं दिसायचं. मधोमध ती खिडकी, आणि खिडकीतून पलीकडचा उजेड. मी आत नव्हतो म्हणून उजेड. ती असती तर कोयता घेऊन निघाली असती. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवायचो आणि बघायचो.

शेजारच्या आखाड्यांवरच्या बायका धुणं घेऊन ओढ्यावर यायच्या, त्या बंद झाल्या. मेहुणी म्हणाली, "दाजी, जाळा ते. अंगावरचं लुगडं हाय तिच्या. जीव गुतंल त्याच्यात."

मी म्हटलं, "दहावा होऊ दे." का म्हटलं ते मलाही सांगता आलं नाही. आत टोचलेलं दाभण माझ्या डोळ्यापुढून जात नव्हतं. झाकण शिवायचं तिनं कबूल केलं होतं आणि ते राहिलं होतं. बाईमाणसाचं असं अर्धं काम राहिलं तर काय होतं, हे मी कुणाला विचारणार? तिच्या बाकीच्या इच्छा मला ठाऊक होत्या, त्या लेकरांनी पुऱ्या केल्या असत्या. ही एकच होती जी मलाच ठाऊक होती.

तिकडं काळी शेळी कुणाला अंगाला हात लावू देईना. पिल्लू नाही, पिळणारी नाही, आणि कास दगडासारखी. पोरगी आणि शेजारीण मिळून तिचे पाय बांधायच्या आणि जबरदस्तीनं थोडं काढायच्या. शेळी तशीच ओरडायची जशी त्या संध्याकाळी ओरडली होती.

दहावा आमच्याकडं ओढ्यावरच होतो. पोरानं डोकं उतरवलं, महाराजांनी विधी सांगितला, वरच्या अंगाला एका सपाट दगडावर पिंड ठेवला. सोबत तिच्या आवडीचं, बाजरीची भाकरी, ठेचा, कपात चहा आणि मिसरीची डबी. मग सगळे मागं सरून बसले, कावळ्याची वाट बघत. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कावळा पिंडाला शिवला की गेलेलं माणूस सुटलं. नाही शिवला तर काहीतरी मागं राहिलं. मग घरचे एकेक जण पुढं होऊन कबूल करतात, तुझं हे करू, तुझं ते करू. तरी नाहीच आला तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. पण गवताचा कावळा शिवलेलं माणूस सुटलं असं मनातून कुणाला वाटत नाही. मला तर नाहीच.

बाभळीवर कावळे होते. येत नव्हते.

पोरगा पुढं झाला. "माय, आप्पाची काळजी करू नको. मी त्यांना जालन्याला नेतो."

एक कावळा खालच्या फांदीवर उतरला होता तो परत वर गेला. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "शब्द मागं घे बाबा. तिला जालना कधी मानवलंच न्हाई." लोक हसले. पोरगाही रडता रडता हसला.

पोरगी म्हणाली, "माय, तुझी शेळी इकणार न्हाई." मेहुणी म्हणाली, "आक्का, तुझ्या नातीच्या लग्नात तुझ्या नावानं लुगडं नेसवीन." कावळे बघत होते. ऊन वर चढलं. लहान लेकरं भुकेनं कुरकुरायला लागली. महाराजांनी घड्याळाकडं बघून दर्भाची जुडी हातात घेतली.

तिथं मला खरी भीती वाटली. आता ते गवताचा कावळा करणार, सगळे जेवायला जाणार, आणि संध्याकाळी मी चुलीपुढं एकटा बसून त्या खिडकीतला उजेड बघणार. रोज.

मी उठलो. म्हटलं, "पिंड उचला. लपणापुढं ठेवा."

मेहुणी कपाळावर हात मारून म्हणाली, "दाजी, त्याच्याच भेवानं येत न्हाईत ते!"

"त्याला ते भेत न्हाईत. त्याच्यावर ते हगतात. भेतात ते तुमाला. हितं एवढी माणसं, मोबाइल घेऊन बसलेली. सगळे घरामागं जा. मी आत बसतो."

महाराजांनी पोराकडं बघितलं, पोरानं माझ्याकडं. कदाचित त्याला वाटलं म्हातारा बिघडला. पण पिंड उचलून त्यानं लपणापुढच्या दगडावर नेऊन ठेवला. मी पोरीला बाजूला घेतलं आणि माय कशी जायची ते सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत हाय. फोनवर सांगायची ती. हासून हासून सांगायची."

सगळे माझ्यासोबत लपणापर्यंत आले. मी वाकून आत शिरलो. आत तिचा वास होता. धूर, मिसरी, शेळी. मी खाली बसलो. बाहेर पोरीनं बादली वाजवली आणि ओरडली, "चला की ओ, किती येळ! पाय काय जमिनीत रवलेत का? सगळं मीच करायचं का?"

आवाज तसाच. बिलकुल तसाच. माणसांच्या पायांचा आवाज कापसातून वर गेला, बादली वाजत गेली, आणि तो आवाज माझ्याशी भांडत लांब लांब गेला. मी तोंडावर हात दाबला. मग नुसता ओढा आणि मी.

फटीतून पिंड दिसत होता. बाभळीवरचा एक कावळा करंजावर आला. मग दगडावर उतरला. भाकरीकडं बघितलं, मग मान वाकडी करून थेट फटीकडं बघितलं, आणि उडाला. परत आला. परत फटीत बघितलं आणि उडाला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मागची खिडकी. माझ्या डोक्यामागून उजेड येत होता आणि त्याला आत माझं बोडकं डोकं हलताना दिसत होतं. झाकण राहिलं होतं म्हणून कावळा येत नव्हता. मी ज्याला मनातल्या मनात भीत होतो तेच होतं, अगदी तेच.

सदरा काढून खिडकीला लावावा म्हणून मी बटणाला हात घातला, तेवढ्यात कावळा तिसऱ्यांदा उतरला. आता हललो तर तो गेला. मी श्वास धरून तसाच बसलो, हात बटणावर.

आणि मागं कापसात काहीतरी खसफसलं.

माणूस नव्हतं. माणसाचे पाय मला कळतात. काहीतरी जड ओढत ओढत येत होतं, थांबत होतं, परत ओढत होतं. पळाट्या मोडल्याचा आवाज आला. जनावर शिकार ओढतं ते असंच ओढतं. पोरं घरामागं होती. ओरडलो असतो तर ती पळत आली असती, आणि कावळाही गेला असता. पंजा माझ्या डोळ्यापुढं आला, माझा हात भरणारा. घशात आवाज आला होता. मी तो गिळला. एवढंच मनात आलं, जे व्हायचं ते होऊ दे, आधी त्याला शिवू दे.

ओढायचा आवाज लपणाच्या मागं येऊन थांबला. लुगडं हललं. कुणीतरी त्याचा वास घेत होतं, खालून वर, वरून खाली. मग माझ्या मानेवर गरम श्वास आला. ओला. खिडकीतून काहीतरी आत आलं होतं. आत एकदम अंधार झाला.

त्या वेळी मला काय काय वाटलं ते सगळं लिहिणार नाही. बिबट्या वाटला. तीही वाटली. झाकण शिवायला आली असं वाटलं, खरं सांगतो. मी मागं बघितलं नाही. मी फटीतून पुढंच बघत राहिलो. कावळ्यानं मान वाकडी करून आत बघितलं. आत काळोख. तो टुणकन पुढं आला, भाकरीचा तुकडा मोडला, मग पिंडात चोच घातली. एकदा. परत एकदा. मग दुसरे आले.

मग मी मान वळवली. काळी शेळी. पांढरा कान माझ्या गालाला लागत होता. मुंडकं तेवढं खिडकीतून आत घातलेलं, आणि डोळे मिटून ती त्या कापडाला नाक घासत होती. गळ्यात दावं, दाव्याला उपटलेला खुंटा, तोच कापसातून ओढत आणलेला. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो कसला होता मला माहीत नाही. कावळे उडाले, पण तोवर पिंड विस्कटला होता.

लोक आले. महाराज म्हणाले, सुटली बाई. पोरगा गळ्यात पडला. मेहुणीनं मला विचारलं, "काय कबूल केलं ओ दाजी आत बसून?" मी म्हटलं, "काही न्हाई." शेळी कधी सुटली, कुठं होती, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मीच तिला धरून वर आणलं.

पंजा कुणाचा होता ते आजपर्यंत कळलेलं नाही. मी त्या दिवशी कडी लावली, पाटा लोटला, मगच झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. पोरगा ओसरीत झोपला होता, त्याची पिशवी भरलेली, माझीही त्यानं भरून ठेवलेली. मी ओढ्यावर गेलो. लुगड्यातलं दाभण काढलं, टाके एकेक करून उसवले. मोठे टाके, पटपट निघाले. लुगडं झटकलं, माती झडली. घरी आणलं आणि गोठ्यापुढं त्या भाकरीएवढ्या खिडकीतून डोकं घातलं. पुढं मागं सारखं अंगभर झालं. चरवी घेतली आणि काळ्या शेळीच्या कासेशी उकिडवा बसलो. मला कधी शेळी पिळता आली नाही, ते काम बायकोचं. पण बघितलं मात्र आयुष्यभर होतं.

शेळीनं मागं वळून माझ्या खांद्याचा वास घेतला. मग परत वास घेतला.

मागून पोराचा आवाज आला. "आप्पा? हे काय करून राह्यले तुमी?"

"गप उभा ऱ्हा," मी म्हटलं. "हलू नको."

शेळीनं मागचे पाय फाकवले. पहिली धार चरवीच्या बाहेर गेली. दुसरी आत पडली.